टाकलेल्या मातीचे मोल

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त पिरियापट्टण येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



सराफांच्या पेठेत पूर्वी एक माणूस हमखास दिसत असे. दुकानात तो दागिने घ्यायला येत नसे, विकायलाही येत नसे. दुकान झाडून निघालेला केर, शेगडीतील राख आणि गटारातील गाळ तो पैसे मोजून विकत घेई. तो केर घरी नेऊन पाण्यात खळखळून धुई आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे काढी. मराठीत त्याला झारेकरी म्हणतात. सोनाराच्या दृष्टीने जो केर होता, ती झारेकऱ्याच्या दृष्टीने रोजची भाकरी होती. केर दोघांच्याही पुढे एकच होता. फरक होता तो कौशल्याचा, वेळेचा आणि गरजेचा.

आजच्या व्याख्यानाचा विषय याच झारेकऱ्याच्या व्यवसायाचे विराट रूप आहे. खाणींनी टाकून दिलेल्या मातीतून, दगडातून आणि गाळातून उपयुक्त खनिजे पुन्हा मिळवणे, हा तो विषय.

पिरियापट्टण हे खाणींचे गाव नव्हे. ही तंबाखूची, नाचणीची, शेतकऱ्यांची भूमी आहे. तरीही भारतातील सर्वांत प्रसिद्ध खाणीशी या तालुक्याचे पाण्याचे नाते आहे. कोडगूच्या डोंगरांतून उतरलेली कावेरी म्हैसूर जिल्ह्यात येते ती याच तालुक्याच्या कडेने. पुढे शिवनसमुद्र येथे ती कड्यावरून खाली झेपावते. तेथे १९०२ साली म्हैसूर संस्थानाने वीज निर्माण केली आणि ती सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून नेली. ही वीज प्रथम म्हैसूरच्या राजवाड्यासाठी नव्हे, बंगळूरच्या दिव्यांसाठीही नव्हे, तर कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी होती. तेथील यंत्रे त्या विजेवर चालली. त्या यंत्रांनी दगड दळला आणि दळून उरलेल्या गाळाचे डोंगर आजही कोलार गोल्ड फील्ड्सच्या वस्तीला लागून उभे आहेत.

कोलारचे सोने अर्थातच विजेहून फार जुने आहे. १८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरन हा ब्रिटिश लष्करातील अधिकारी म्हैसूर राज्याच्या सरहद्दीची मोजणी करीत असताना त्याच्या कानावर तेथील मातीतील सोन्याची वार्ता आली. उरिगाम परिसरातील ग्रामस्थांनी त्याच्यासमोर माती धुवून सोन्याचे कण काढून दाखवले. म्हणजे कोलारचा पहिला इतिहासही झारेकऱ्यांचाच आहे. पुढे १८८० साली जॉन टेलर आणि सन्स या कंपनीने तेथे पद्धतशीर खाणकाम सुरू केले. चॅम्पियन रीफ ही खाण जमिनीखाली तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली आणि जगातील सर्वांत खोल खाणींत तिची गणना झाली. सुमारे १२० वर्षांत या क्षेत्राने जवळपास ८०० टन सोने दिले. अखेर सोन्याचे प्रमाण घटत गेले, खर्च वाढत गेला आणि २००१ च्या फेब्रुवारीअखेर भारत गोल्ड माइन्स लिमिटेड या सरकारी कंपनीच्या खाणी बंद झाल्या.

खाणी बंद झाल्या, माणसे राहिली. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या जमिनीखाली राबल्या, त्यांच्या मुलांना पहाटेची आगगाडी पकडून बंगळूरला कामासाठी जाणे भाग पडले. आणि राहिले ते डोंगर. लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. त्यावर सहजी गवत उगवत नाही. कोरड्या दिवसांत वारा सुटला की पिठासारखी बारीक धूळ वस्तीवर येते. ती अंगणात, पाण्याच्या भांड्यांवर आणि शाळेच्या बाकांवर बसते.

हे डोंगर झाले कसे, हे समजून घेतले पाहिजे. सोने दगडात डोळ्यांना दिसेल असे क्वचितच असते. म्हणून दगड फोडावा लागतो, कुटावा लागतो आणि त्याचे पीठ करावे लागते. प्रारंभी या पिठातील सोने पाऱ्याने पकडत. पाऱ्याला न चिकटलेले सोने गाळाबरोबर वाहून जाई. १८८७ मध्ये ग्लासगो येथे जॉन मॅकार्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडच्या अतिसौम्य द्रावणात सोने विरघळवण्याची रीत शोधली आणि जगभरच्या सोन्याच्या उद्योगाचे रूप पालटले. जो गाळ कालपर्यंत निरुपयोगी होता, त्यातूनच आता पुन्हा सोने मिळू लागले. सोने काढून उरलेल्या गाळाला खाणकामात टेलिंग्ज म्हणतात. हा गाळ पाण्याबरोबर नेऊन टाकत, तो थरावर थर साचे आणि वाळून त्याचा डोंगर होई.

कोलारमध्ये असे १३ ढीग असून ते सुमारे १००० एकरांवर पसरले आहेत. त्यांत अंदाजे ३.३ कोटी टन गाळ आहे. त्यात टनामागे सरासरी ०.७ ग्रॅमच्या आसपास सोने उरले आहे, असे अंदाज सांगतात. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु गुणाकार केला तर तो २३ टन सोन्यापर्यंत जातो. म्हणूनच २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या ढिगांतून सोने काढण्याच्या केंद्र सरकारच्या प्रस्तावाला संमती दिली.

टनामागे पाऊण ग्रॅमहूनही कमी सोने परवडेल कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर सोपे आहे. सोन्याच्या खाणीत सर्वाधिक कष्ट आणि पैसा लागतो तो दगड खोलातून वर आणण्यासाठी आणि त्याचे पीठ करण्यासाठी. ही दोन्ही कामे कोलारच्या कामगारांनी आधीच करून ठेवली आहेत. पीठ दळून तयार आहे. आता ते पुन्हा चाळायचे आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गभोवतीचे सोन्याचे पिवळे ढीग १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून याच न्यायाने मोठ्या प्रमाणावर पुन्हा धुतले जात आहेत. तेथे जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने ढीग कापतात, त्याचा पातळ रबडा करून नळांतून कारखान्यात नेतात आणि त्यातील सोने काढतात. एका ढिगाच्या माथ्यावर तर अनेक वर्षे उघड्यावरचे चित्रपटगृह चालत होते. पुढे तो ढीगही धुतला गेला.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोलारच्या उकिरड्याचा पांग फिटण्याची वेळ आली आहे, असे वाटते. परंतु हाच हिशेब थोडा पुढे नेऊन पाहावा. ३.३ कोटी टन गाळातून २३ टन सोने काढले, तर किती गाळ उरेल? जवळजवळ सगळाच. दहा ग्रॅम सोन्यासाठी चौदा टनांहून अधिक गाळ धुवावा लागेल आणि चौदा टन गाळच मागे राहील. त्यात पुन्हा एकदा सायनाइड मिसळलेले असेल. कोंड्याचा मांडा करणे ही सुगरणीची हातोटी खरी. पण येथे मांडा चिमूटभर होतो आणि कोंडा होता तेवढाच राहतो. तो कोठे ठेवणार? खाली अस्तर घालून, पाणी झिरपणार नाही अशा जागी, की जुन्या रिकाम्या बोगद्यांत भरून? की थोडा सरकवून पुन्हा त्याच वस्तीच्या उशाला? या एका प्रश्नाच्या उत्तरावर हा उद्योग वरदान ठरेल की दुसऱ्यांदा दिलेला शाप, हे अवलंबून आहे.

कोलारहून आता पश्चिमेला, मराठीभाषकांच्या अधिक परिचयाच्या गोव्यात यावे. डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी आहेत. तेथे एक टन खनिज काढण्यासाठी अडीच ते तीन टन माती आणि दगड बाजूला टाकावे लागत. शिवाय ज्या खनिजात लोहाचे प्रमाण कमी, तेही कोणी घेत नसे. या सगळ्याचे जे डोंगर झाले, त्यांना गोव्यात सर्वजण डंप म्हणतात. सरकारी अंदाजानुसार अशा डंपांत ७० कोटी टनांहून अधिक माल पडून आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमध्ये पोलादाची मागणी प्रचंड वाढली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या आगेमागे कमी प्रतीच्या मालालाही भाव आला आणि काल टाकलेली माती आज जहाजात चढू लागली. २००९ मध्ये तर नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोने हेमाटाइट लोहखनिजाची किमान मर्यादा ५५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणली. यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. दगड होता तोच राहिला. त्यातील लोहाचा एक कणही वाढला नाही. तरी कागदावरचा एक आकडा बदलताच तो केर न राहता खनिज झाला. टाकाऊपण हा दगडाचा गुणधर्म नसून माणसाने त्यावर लावलेली चिठ्ठी असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

परंतु ज्या वेगाने डंप उपसले गेले, त्या वेगाने प्रश्नही उपसले गेले. ढीग खाणपट्ट्याच्या आत आहे की बाहेर? त्यावर मालकी कोणाची, ज्याने टाकला त्याची, ज्याच्या जमिनीवर टाकला त्याची, की जनतेची? उपसलेल्या सैल मातीवर जून-जुलैचा पाऊस पडला की ती लाल माती ओढ्यांतून वाहत जाऊन भातशेतीत आणि कुळागरांत साचे, तिची भरपाई कोण देणार? अखेर ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम आणि खनिजाची वाहतूक थांबवली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. त्याचबरोबर खनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा दहा टक्के भाग एका कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. त्यामागील विचार असा, की जमिनीतील संपत्ती ही एका पिढीची कमाई नसून पुढच्या पिढ्यांचाही तीत वाटा आहे. घरातील वडीलधारी माणसे जमीन विकली तर त्या पैशाचे काय करायचे याचा विचार जसा करतात, तसाच हा विचार आहे. ढीग हेही पूर्वजांनी मागे ठेवलेले धनच आहे. मग त्यातून आलेला पैसा एका हंगामात उधळून कसा चालेल?

तिसरे उदाहरण विदर्भातील आहे आणि ते समाधान देणारे आहे. नागपूर परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती आणि वालुकाश्म काढून टाकावे लागतात. या मातीचे डोंगर तेथील रहिवाशांच्या नजरेच्या सवयीचे आहेत. त्या मातीत वाळूचा अंश मोठा आहे, हे ओळखून कंपनीने २०१६-१७ च्या सुमारास भानेगाव खाणीवर ती धुवून वाळू वेगळी करण्याचा प्रयोग केला. तो यशस्वी झाल्यावर गोंडेगाव येथे मोठा प्रकल्प उभा राहिला. ही वाळू प्रधानमंत्री आवास योजनेतील घरांच्या बांधकामासाठी नागपूर सुधार प्रन्यासाला बाजारभावापेक्षा कमी दरात देण्यात आली. येथे मिळणारी वस्तू सोन्यासारखी मौल्यवान नाही. पण येथे ढिगाचा मोठा भाग खरोखर उपयोगी पडतो, ढीग खरोखर कमी होतो, गरिबाच्या घराच्या भिंती उभ्या राहतात आणि तेवढी वाळू नदीच्या पात्रातून उपसावी लागत नाही. सोन्याचा मोह बाजूला ठेवून पाहिले, तर वाळूचा हा व्यवहार कोलारच्या सोन्यापेक्षा अधिक सरळ आहे.

त्याच नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथे मँगनीजची जुनी खाण आहे. तेथील टाकाऊ दगडमातीच्या ढिगावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, निराळा मार्ग धरला. शास्त्रज्ञांनी त्या नापीक ढिगात साखर कारखान्यातील प्रेसमडसारखे सेंद्रिय पदार्थ आणि योग्य जिवाणू मिसळून झाडे लावली. ज्या ढिगावर काहीही उगवत नव्हते, तेथे रान उभे राहिले. प्रत्येक ढीग पुन्हा उपसलाच पाहिजे असे नाही. काही ढिगांचे उत्तम मोल त्यांना शांतपणे झाडाखाली राहू देण्यातच असते.

या विषयाची एक बाजू शाळेच्या व्यासपीठावरून सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेल्समध्ये अ‍ॅबरफॅन नावाचे कोळसा खाणकामगारांचे गाव आहे. गावावरच्या डोंगरउतारावर खाणीचा केर टाकत. त्यातील सातवा ढीग एका झऱ्यावर रचला गेला होता. ढिगांपासून शाळेला धोका आहे, असे इशारे स्थानिक लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी लेखी दिले होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी मुले नुकतीच वर्गात बसली होती. पावसाने भिजलेला तो ढीग घसरला आणि पँटग्लास शाळेवर आला. १४४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ११६ मुले होती. चौकशी मंडळाने नॅशनल कोल बोर्डाला दोषी ठरवले. तरीही उरलेले ढीग हलवण्याच्या खर्चासाठी, मृत मुलांच्या कुटुंबांकरिता जगभरातून जमलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. ती रक्कम परत मिळण्यास १९९७ साल उजाडावे लागले.

२५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो येथे लोहखनिजाच्या गाळाचे धरण फुटून २७० माणसे गेली. म्हणून ढीग ही निर्जीव वस्तू आहे असे कोणी समजू नये. पाणी त्यात शिरते, वारा त्याला उडवतो आणि निष्काळजीपणे उपसला तर तो सरकतो. त्याला हात लावताना झारेकऱ्याची चिकाटी हवीच, पण धरण बांधणाऱ्या अभियंत्याची सावधगिरीही हवी.

आज हा विषय पुन्हा देशाच्या विषयपत्रिकेवर आला आहे. विजेवरची वाहने, बॅटऱ्या, मोबाइल यांसाठी लिथियम, कोबाल्ट आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये लागतात. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानात खाणींची टाकाऊ माती, टेलिंग्ज, राख आणि अ‍ॅल्युमिनियम उद्योगातील लाल चिखल यांतून खनिजे मिळवण्याच्या प्रयोगांचा समावेश आहे. हे योग्यच आहे. नवे जंगल तोडून नवी खाण उघडण्यापूर्वी जुन्या केराकडे पाहणे हे शहाणपणाचे लक्षण होय.

मात्र अशा प्रत्येक प्रकल्पाला तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. या ढिगातून काय मिळणार, हा पहिला. याचे उत्तर द्यायला कंपन्या आणि शासन नेहमीच उत्सुक असतात. मिळवल्यानंतर जे उरेल ते कोठे जाणार, हा दुसरा. याचे उत्तर नकाशावर बोट ठेवून मागावे लागते. आणि जे मिळेल त्यात ढिगाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा वाटा किती, हा तिसरा. २०१५ पासून देशात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद आहे. खाणपट्टाधारकाने स्वामित्वधनाच्या प्रमाणात या निधीत भर घालायची आणि तो खाणबाधित लोकांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शिक्षणासाठी खर्च व्हावा, अशी ती व्यवस्था आहे. कोलारची धूळ ज्या घरांनी वर्षानुवर्षे झेलली, त्या घरांतील मुलांच्या शाळेपर्यंत त्या ढिगांतील सोन्याचा अंश पोहोचला, तरच त्या डोंगरांचा पांग फिटला असे म्हणता येईल.

या सभागृहातील माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी अभियंता असेल, कोणी शासकीय अधिकारी, कोणी गुंतवणूकदार, कोणी पत्रकार. हे तीन प्रश्न कधी ना कधी त्यांच्या टेबलावर येतील. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाचून फाइल मिटू नये, एवढीच अपेक्षा.

आणि पालकांसाठी एक शब्द. शाळेच्या साठ वर्षांत प्रत्येक वर्गात असे एखादे मूल बसून गेले आहे, ज्याच्या प्रगतिपुस्तकावरील आकड्यांनी त्याला बाजूला टाकले. ‘ढ’ या एका अक्षराने त्याचा निकाल लावला गेला. गोव्यातील त्या दगडाप्रमाणेच त्या मुलाच्या अंगचे सत्त्व तेवढेच होते. अपुरा होता तो मोजणाऱ्याचा आकडा. त्यांतली कितीतरी मुले आज या शाळेचे नाव राखून आहेत, आणि काहींकडे मात्र वेळेवर कोणी पाहिले नाही. खाणीच्या ढिगाला शंभर वर्षे वाट पाहता येते. मुलाला तेवढा अवधी नसतो. त्याच्याकडे दुसऱ्यांदा, नीट, वेळेवर पाहणारे डोळे घरात आणि शाळेत असावेत.